घाटापलीकडचं जेवण

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे, आणि खरं सांगायचं तर चुका शोधायला वाचतो. कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कोणी दिसलं की मी म्हणणार, काचेचं रिफ्लेक्शन. कुणाला गेलेल्या आत्याचा आवाज आला की म्हणणार, झोप झाली नसेल. आयुष्यभर पुलांची डिझाइन्स केली, त्यामुळे असेल. माझी बायको सुधा म्हणायची, "तुम्हाला देव भेटला तर आधी त्याचं आयडी मागाल."

तेव्हा माझ्यासारखाच कोणी हे वाचत असेल तर तो काय म्हणेल हे मला ठाऊक आहे. म्हणू दे. मला भुताची गोष्ट सांगायची नाही. सिअ‍ॅटल-बेलव्ह्यूकडच्या आमच्या सगळ्या मराठी ओळखींत एका माणसाबद्दल एक गोष्ट पक्की झाली. ती चुकीची होती. आणि ती चुकीची आहे हे मला एकट्याला माहीत होतं. आता तो माणूस नाही, मीही ऐंशीच्या पुढे गेलो, म्हणून लिहितो आहे. नावं बदलली आहेत. रिसॉर्टचं नाव देत नाही, त्यांचा यात काही दोष नाही.

तो माणूस म्हणजे वसंता. आम्ही दोघं सत्तरच्या दशकात इकडे आलो, लग्नं व्हायच्या आधी एकाच खोलीत राहिलो, एकाच कुकरमध्ये भात लावला. पुढे त्याने रेडमंडला घर घेतलं, मी बेलव्ह्यूला. त्याची बायको नलिनी. मी तिला नलूवहिनी म्हणायचो, ती मला दिनू भावजी. तिसरं जोडपं म्हणजे बापू आणि उषावहिनी. अशी आमची सहा जणांची टोळी.

दरवर्षी फेब्रुवारीतल्या लाँग वीकेंडला आम्ही घाट ओलांडून पलीकडच्या एका स्की रिसॉर्टला जायचो. घाट म्हणजे इथला पास, पण आम्ही घाटच म्हणायचो. स्कीइंग आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं. बापूची मुलगी आणि जावई ते दिवसभर करायचे. आम्ही म्हणजे "बैठं मंडळ". हे नाव बापूने ठेवलेलं. सकाळी टायरच्या ट्यूबमध्ये बसून बर्फाच्या उतारावरून घसरायचं... उषावहिनी पहिल्या वर्षी रामरक्षा म्हणत घसरल्या, नंतर त्याच सगळ्यांच्या पुढे रांगेत. दुपारी हॉट टब. उघड्यावर, मानेपर्यंत गरम पाणी, वरून बर्फ भुरभुरतोय, आणि आम्ही तिघं डोक्याला कानटोप्या घालून बसलेलो. गोरी मंडळी बघत राहायची. एका संध्याकाळी गावातल्या बारमध्ये कंट्री म्युझिकचा बँड, तिथे लोक ओळी करून नाचतात, आणि त्या ओळीत वसंता आणि नलूवहिनी. ती साडीवर जॅकेट चढवून नाचायची, स्टेप न चुकता. वसंताच्या मात्र सगळ्या चुकायच्या.

आणि शनिवारी स्लेजचं जेवण. घोड्यांच्या स्लेजमध्ये, म्हणजे बिनचाकी बर्फगाडीत, ब्लँकेटं पांघरून बसायचं, झाडीतून घुंगरांच्या आवाजात जायचं, आत एक लाकडी केबिन आहे तिथे उतरायचं. शेकोटी, लांब टेबलं, मधोमध वितळलेल्या चीजची भांडी. लांब काट्याला पावाचा तुकडा लावून त्यात बुडवायचा, त्याला फॉन्ड्यू म्हणतात. उषावहिनींच्या पर्समध्ये लसणाची चटणी असायचीच. तिथली वाढणारी मुलगी एकदा "हे काय आहे" म्हणून चाखायला आली, आणि दुसऱ्या वर्षी आम्ही दारातून आत येताच तिने आधी पर्सकडे पाहिलं.

२००६ च्या फेब्रुवारीत आम्ही चौघंच गेलो. नलूवहिनीचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात होता. हॉस्पिटलमधून तिला घरी आणलं होतं, नर्स दिवसाआड येऊन जायची. बाकी सगळं वसंता करायचा. एकुलता एक मुलगा अभय टेक्सासमध्ये फ्रिस्कोला, तो पुढच्या आठवड्यात येणार होता. आम्ही ट्रिप कॅन्सल केलीच होती, पण नलूवहिनीने आम्हाला घरी बोलावून दम भरला. म्हणाली, "तुम्ही गेला नाहीत तर मला वाटेल मी गेलेच."

म्हणून गेलो.

शनिवारी दुपारी चहाच्या वेळी मी आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, म्हणजे कॉन्डोमध्ये, एकटा जागा होतो. सुधा झोपली होती, बाकीचे हॉट टबवर. मला राहवेना, म्हणून मी रेडमंडला वसंताच्या घरच्या फोनवर फोन लावला. त्यानेच उचलला. मी विचारलं कशी आहे, तो म्हणाला, "आज बरी आहे. थांब, तिलाच देतो."

नलूवहिनीचा आवाज बारीक झाला होता, पण चेष्टा तशीच. म्हणाली, "भावजी, टोपी घातलीत ना टबमध्ये? आणि जरा सांगा हो तुमच्या मित्राला. सारखे माझा हात धरून बसतात. घामेजतो नुसता." मागून वसंता काहीतरी पुटपुटला. ती हसली, खोकली, आणि फोन संपला.

हा फोन लक्षात ठेवा. तो मी केला होता हे सुधालासुद्धा पुढे कित्येक वर्षं माहीत नव्हतं.

अंधार पडायच्या सुमाराला आम्ही स्लेजने केबिनला पोचलो. टेबलावर बसून पाव बुडवायला सुरुवात केली होती, तेवढ्यात दार उघडलं आणि वसंता आत आला.

धूसर काही नाही, सावली नाही. नलूवहिनीने विणलेला चॉकलेटी स्वेटर, तोच चष्मा, तीच किंचित पोक. बापू उठून उभा राहिला. म्हणाला, "अरे वसंता, तू? आणि वहिनी?"

"तिनेच हाकललं मला," तो म्हणाला, आणि माझ्या शेजारी जागा करून बसला. वाढणाऱ्या मुलीने त्याच्यासाठी खुर्ची आणली, ताट आणलं, काय पिणार विचारलं. म्हणजे तो आम्हालाच दिसला असं नाही. मी मनात हिशेब केला: दुपारच्या फोननंतर लगेच निघाला असेल, दोन तासांचा तर रस्ता. मला थोडा रागही आला. तिला अशी एकटी टाकून? पण तिने हाकललं म्हणतोय म्हटल्यावर काय बोलणार. तिचा स्वभाव तसा होताच.

तो चांगला जेवला. विनोद केले. जरा जास्तच मोठ्याने हसत होता, पण आम्हाला वाटलं, इतक्या महिन्यांनी घराबाहेर पडलाय, हसू दे. मग बापूने जुन्या दिवसांचा विषय काढला. तेव्हा इंडियाचं तिकीट मिळणं किती अवघड असायचं वगैरे. आणि वसंता पावाचा तुकडा चीजमध्ये फिरवत म्हणाला, "दिन्याला मिळालं होतं की. मिरजेला आई शेवटच्या घटका मोजतेय, खिशात तिकीट, आणि हा पठ्ठ्या एअरपोर्टवरून परत. मीच आणला गाडीत घालून. वाटेत थांबून आम्ही पॅनकेक खाल्ले."

आणि हसला.

हे खरं होतं. माझी आई गेली तेव्हा मी नोकरीत नवा होतो, ग्रीन कार्डचे कागद अर्धवट होते, आता गेलो तर परत येता येणार नाही अशी भीती डोक्यात बसली होती. एअरपोर्टच्या दारातून मागे फिरलो. घरच्यांना कळवलं की तिकीट मिळालं नाही. हे जगात फक्त वसंताला माहीत होतं. त्याने शपथ वगैरे घेतली नव्हती, मी घ्यायला लावलीही नव्हती. गरजच वाटली नाही. जवळजवळ तीस वर्षं त्याने तो विषय माझ्याजवळसुद्धा काढला नव्हता. आणि आता चीजच्या भांड्यावर, सगळ्यांसमोर, माझ्या बायकोसमोर... पॅनकेकसकट.

उषावहिनींनी चटणीची डबी उगाच बंद केली. वसंताने तोंड पुसलं, "जरा घोडे बघून येतो" म्हणाला, आणि बाहेर गेला. तो परत आला नाही. आधीच्या स्लेजने गेला असेल असं आम्ही धरलं. मला तर तो गेल्याचं बरंच वाटलं.

परतताना सुधा स्लेजमध्ये माझ्या शेजारी बसली होती, पण ब्लँकेट तिने वेगळं घेतलं. आई गेली तेव्हा ती व्हिसाची वाट बघत मिरजेलाच होती, आईची लाडकी सून. मग ती म्हणाली, "तुमच्या बहिणींना मी वर्षानुवर्षं सांगत आले, तिकीटच मिळालं नाही हो, फार तळमळले. मी खोटं बोलत होते, आणि मला माहीतसुद्धा नव्हतं."

मला स्वतःची लाज वाटायला हवी होती, पण मला फक्त वसंताचा राग येत होता. माझ्या सख्ख्या भावाने दगा दिला असता तरी इतकं लागलं नसतं.

झोपायच्या आधी सुधा आणखी एक बोलली. वसंता जेवायला बसला की आधी ताटाभोवती पाणी फिरवून घास काढून ठेवायचा. बर्गरच्या दुकानात कागदी डिशभोवतीसुद्धा. आम्ही त्याची टर उडवायचो, तो ऐकायचा नाही. "आज त्यांनी पाणी फिरवलं नाही," सुधा म्हणाली. मी म्हटलं, लाज सोडली की सगळंच सुटतं.

रविवारी सकाळी वसंताचा फोन आला. नलू काल दिवेलागणीला गेली. एवढंच बोलला.

दिवेलागणीला. म्हणजे आमची स्लेज निघाली तेव्हा.

आम्ही भराभर सामान भरून निघालो. घाटाच्या पायथ्याशी पेट्रोल भरायला थांबलो. बाकीचे गाडीत, मी कॉफी घ्यायला आत. काउंटरवरचा माणूस म्हणाला, नशीबवान आहात, घाट आत्ताच उघडला. हिमकडा कोसळायच्या भीतीने काल दुपारपासून बंद होता. मी विचारलं, दुपारी किती वाजल्यापासून. त्याने सांगितलं. मी वसंताच्या घरी फोन केला होता त्याच्या बऱ्याच आधीपासून. दुसरा रस्ता? तो म्हणाला, खालचा मोठा घाटही कालपासून बंदच होता, आणि उत्तरेकडचा तर हिवाळाभर बंद असतो.

कॉफी हातात घेऊन मी तिथेच उभा राहिलो. चहाच्या वेळी जो माणूस रेडमंडच्या घरात होता, तो अंधार पडताना घाटापलीकडच्या केबिनमध्ये असू शकत नव्हता. कॉल फॉरवर्डिंगचा, म्हणजे घरचा फोन मोबाइलवर वळवल्याचा, विचारही मी केला... पण फोनवर नलूवहिनी स्वतः बोलली होती, आणि मागून वसंता.

घाट बंद होता हे नंतर इतरांनाही कळलं. पण त्यांना माझा फोन माहीत नव्हता. त्यांनी धरलं की तो सकाळीच येऊन दिवसभर कुठेतरी बसला असेल, आणि बंद घाट रात्री कसातरी पार केला असेल. माणसाने ठरवलं की काहीही जुळवता येतं.

मी गाडीत येऊन बसलो आणि काहीच बोललो नाही. तेव्हा मला वाटलं, आधी नीट विचार करू.

घरी अभय पोचला होता. तो आदल्या संध्याकाळी सारखा फोन करत होता, कुणी उचलला नाही, म्हणून पहाटेचं विमान धरून आला. वसंता म्हणाला, तिला झोप लागली म्हणून मी रिंग बंद केली होती. ती गेल्यावर रात्रभर त्याने कुणालाच कळवलं नव्हतं, नर्सलाही नाही. म्हणाला, लोक आले असते, मला तिच्यापाशी बसायचं होतं. एरवी कुणीही हे समजून घेतलं असतं. पण बापू सरळ माणूस, त्याने सांत्वन करतानाच म्हटलं, "अरे, मग आमच्याकडे कशाला आलास तू घाट चढून? तिच्याजवळ थांबायचंस."

वसंताने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "मी कुठेही गेलो नव्हतो," तो म्हणाला.

खोलीत सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. उषावहिनींनी पाहिलं होतं, सुधाने पाहिलं होतं. अभयने ते बघणं बघितलं.

तेराव्याच्या दिवशी अभय मला शोधत बाहेर, गॅरेजपुढच्या ड्राइव्हवेमध्ये आला. पाऊस पडत होता, तो भिजत उभा राहिला. म्हणाला, "दिनूकाका, आय नीड टु नो. बाबा होते का तिथे?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला माझ्याकडे तीन वाक्यं होती. तो दिसला. घाट बंद होता. मी फोन केला तेव्हा तो तुझ्या आईचा हात धरून घरी होता. तीनही खरी.

मी म्हणालो, "होता."

पहिलंच वाक्य सांगितलं आणि थांबलो. का थांबलो हे मी स्वतःला अनेक प्रकारे सांगितलं आहे. की पुराव्याशिवाय कसं बोलायचं, की लोक वेडा म्हणतील. खरं कारण एकच होतं. त्या टेबलावर माझं जे झालं त्यानंतर सुधा माझ्याशी नीट बोलत नव्हती, आणि मला वाटलं, आता कळू दे त्यालाही. वसंता तिथे नव्हताच हे माझ्या बुद्धीला पटलं होतं. पण माझा राग मात्र वसंतावरच राहिला, दुसरा तो कुणावर जाणार?

अभय परत टेक्सासला गेला तो वडिलांकडे पुन्हा राहायला आला नाही. वर्षातून एखादा फोन. नातवंडं आजोबांना ओळखत नव्हती. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत वसंता दिसायचा, खुर्च्या लावायला मदत करायचा. त्याला कोणी मुद्दाम टाळायचं असं नाही, पण त्याच्या शेजारी बसायचंही नाही. बायको मरत असताना फॉन्ड्यू खायला गेलेला माणूस. पाठीमागे हेच बोललं जायचं. त्या तेराव्यानंतर त्याने "मी नव्हतो" म्हणणंही सोडलं. लोकांना ती कबुलीच वाटली. मला भेटला की "कसा आहेस दिनू" म्हणायचा, आणि उत्तर ऐकायला थोडा वेळ थांबायचा. मी बरा आहे म्हणायचो.

वसंता गेला तेव्हा अभय येऊन सगळं करून दोन दिवसांत परत गेला. सुधा गेल्या हिवाळ्यात गेली. तिला मी शेवटी शेवटी सांगितलं होतं, फोनचं आणि घाटाचं, सगळं. ती ऐकून म्हणाली, "अभयला सांगितलंत?" नाही म्हटल्यावर तिने कूस बदलली.

मागच्या महिन्यात मी अभयला फोन केला. तोही आता पन्नाशीला आला आहे. पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्याची आई फोनवर काय म्हणाली ते त्याने मला पुन्हा सांगायला लावलं, शब्द न् शब्द. मग विचारलं, "मग तिथे कोण होतं, काका?"

मी म्हणालो, मला माहीत नाही. माझी आई, तिकीट, पॅनकेक हे वसंताशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि वसंता तर घरी होता.

मग तो म्हणाला, "त्या दिवशी मी तुम्हाला विचारायला आलो ना ड्राइव्हवेमध्ये... बाबांनीच पाठवलं होतं. मी त्यांच्यावर ओरडत होतो. ते म्हणाले, दिनूला विचार. त्याला माहीत आहे. तो जे सांगेल ते खरं धर, त्यावर मी एक शब्द बोलणार नाही."

फोन ठेवला. त्या दुपारी माझा फोन वसंतानेच उचलला होता. त्या टेबलावर माझ्या शेजारी कोण जेवलं, याचा विचार मी इतकी वर्षं केला, हर तऱ्हेने केला, आणि हाती काही लागलं नाही. पुढेही लागेल असं वाटत नाही. वसंता स्वतःच्या बाजूने कधीच का बोलत नाही, हा विचार मात्र मी एकदाही केला नव्हता.